खारीज फुलांची कचेरी

आमचे घरमालक माझ्याशी सात वर्षं बोलले, पण समोरासमोर एकदाही नाही. आमच्या मध्ये एक खांब होता.

खांब सागवानाचा, ओसरीच्या मधोमध. त्याच्या एका बाजूला त्यांची बैठक, दुसऱ्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांचं दार. मी मास्तरांची नवी बायको, सोळा वर्षांची. ते साठीच्या पुढचे. परक्याच्या सुनेशी तोंड वर करून बोलणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं, आणि मला तर सख्ख्या चुलत्यांसमोरही शब्द फुटायचा नाही. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांना पाणी हवं झालं. त्यांच्या घरात कुणी नव्हतं. ते खांबाकडे तोंड करून म्हणाले, "खांबा, आत मास्तरीणबाई असतील तर म्हणावं, तांब्याभर पाणी पायजे."

मी तांब्या भरला, खांबाच्या बुडाशी ठेवला आणि आत पळाले. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला. "खांबा, म्हणावं, हे फुलांना झालं. आता पेशकाराला तहान लागली हाय, त्याचं बगा."

हे मी धाकट्या मुलाच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या वहीत, मागच्या बाजूनं लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची, चकलांब्याला मुलांच्या रांगेत शेवटी बसून झालेली. नावं लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर नावांवरून बोभाटा होतो, आणि या गोष्टीत एक फसवणूक आहे, ती माझी आहे.

त्यांना सगळं गाव पेशकारसाहेब म्हणायचं. बीडच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं पेशकारी केली होती. म्हणजे लोकांचे अर्ज तहसीलदारापुढे मांडायचे, आणि साहेबाचा हुकूम झाला की बाहेर पडवीत येऊन तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. राज्य निजामाचं, कामकाज सगळं उर्दूत. आपल्याच बांधाचा निकाल काय लागला हे कळायला माणसाला पेशकाराच्या तोंडाकडे बघावं लागे. नोकरी संपल्यावर ते चौसाळ्याच्या वाटेवरच्या आपल्या गावी, माळवदाच्या घरात येऊन राहिले. येताना कचेरीतून बोरूची कलमं तासायचा एक चाकू, दोन टवके गेलेल्या दौती आणि कचेरीची भाषा एवढंच आणलं. तिन्ही गोष्टी त्यांनी फुलांच्या कामाला लावल्या.

उन्हं ओसरीवर यायच्या आत ते ओढ्याकाठानं फिरून येत. जाताना उपरणं खांद्यावर, येताना त्याचं गाठोडं. बैठकीत मांडी घालून बसत, गाठोडं सोडत आणि हाजिरी घेत.

"तरवड?" थोडं थांबून, जरा जाड आवाज काढून स्वतःच म्हणत, "हाजिर."

"रुई?"

"हाजिर."

"कुरडू?"

"हाजिर, साहेब."

"धोतरा?" मग बराच वेळ काही नाही. मग खांबाकडे बघून, "धोतरा गैरहाजिर. पाटलाच्या म्हशीनं तुडवला. पुढची तारीख द्या."

मी दाराआड पीठ चाळत ऐकत असे. पहिल्या आठवड्यात मी मास्तरांना घाबरून विचारलं, यांच्या डोक्यात काही आहे का? मास्तर म्हणाले, "डोकं शाबूत आहे. भाड्यानं या खोल्या घेण्याआधी मी चौकशी केली. जे काय आहे ते फुलांपुरतंच."

आता हे वाचणाऱ्याला वाटेल, घरात फुलं ठेवण्यात एवढं काय? पण आमच्याकडे तेव्हा फुलांना ठरलेली ठिकाणं होती. देवाच्या पायाशी, बाईच्या केसांत, नवरदेवाच्या मुंडावळीत आणि तिरडीवर. दसऱ्याला दारावर झेंडू, तेवढंच घराच्या वाट्याला. काही कारण नसताना तांब्यात पाणी घालून त्यात फुलं उभी करायची आणि बसून बघायची, हे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा ओसरीवर तरवडीची पिवळी डहाळी मांडली, त्या दिवशी शेजारची म्हातारी डोक्यावरचा पदर पुढे ओढून, रडायच्या तयारीनं आली म्हणे. "कोन गेलं वो पेशकारसाहेब?"

"कोणी गेलं न्हाई. तरवड आली हाय. बसा."

म्हातारी बसली. पण आली होती रडायला, म्हणून थोडं रडून गेली.

त्यांची भांडी हाही एक तमाशा होता. चांगल्या भांड्याला ते हात लावत नसत. दोन दौती, वडिलांच्या गुडगुडीचा बुडखा, धान्य मोजायची तळाला चीर गेलेली अडशेरी, कान तुटलेलं तपेलं, आणि चिंचेनं घासून लख्ख केलेली तांब्याची पिकदाणी. त्या पिकदाणीत त्यांनी एकदा कुरडूचे पांढरे तुरे ठेवले होते. पाटील भेटायला आले. तोंडात पान होतं, गप्पा रंगल्या, आणि वीस वर्षांची सवय. पाटलांनी मान न वळवता नेमकी पिचकारी त्या तुऱ्यांवर मारली. पेशकारांनी पिकदाणी उचलून उजेडात धरली. "पाटील, तुमी बिचाऱ्याचा अर्ज न वाचताच शिक्का मारला."

फुलं मांडायची त्यांची रीत मी दाराच्या फटीतून शिकले. देठ कलमाच्या चाकूनं तिरपा कापायचा. पाण्यात कडुलिंबाची दोन पानं, म्हणजे वास धरत नाही. रुईच्या देठातून चीक गळतो, म्हणून कापलेलं टोक निरांजनाच्या ज्योतीवर क्षणभर धरायचं. चर्र आवाज येई आणि ओसरीभर एक करपट, कडवट वास पसरे. एका भांड्यात एकाच जातीची. आणि गर्दी नाही. "दाटी कचेरीत लई बघितली," ते खांबाला सांगत. "माणसाच्या खांद्यावरून माणूस. कुणाचं तोंड दिसायचं न्हाई. इथं ज्याचं त्याला दिसूं दे." एक भांडं कायम अशा जागी, जिथं कुणी बघत नाही. जात्यामागे, न्हाणीच्या वाटेवर, कोठीच्या कोपऱ्यात.

आमच्या स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीत धुरानं काळी झालेली एक देवळी होती, तिच्यात मी काड्यापेटी ठेवायची. आम्ही आलो त्याच्या पुढच्या महिन्यात खांबाच्या बुडाशी एक दौत आली. दौतीत कुरडूचा एकच तुरा. "खांबा, हे आतल्या देवळीचं. काड्यापेटीला सोबत." त्यांना देवळी ठाऊक कशी, तर घर त्यांचंच. त्यानंतर सात वर्षं ती दौत कधी रिकामी राहिली नाही. मी तिच्यासाठी एकदाही धन्यवाद म्हटलं नाही. रिकामी दौत धुऊन खांबापाशी ठेवायची, इतकंच.

गावात त्यांना चिक्कू म्हणत. शौकसुद्धा फुकटचा करतो, असं. ते खरंही होतं. बीडहून येणाऱ्या टांगेवाल्यानं एकदा गुलाबाची टोपली आणली, तर यांनी त्याला ओसरीवर चढू दिलं नाही. "ह्यांना कुणीही ठेवून घेईल. तुमी पुढं जावा."

कारण त्यांचा नियम वेगळाच होता. घरात फुलांवर पहिला हक्क काकूंचा. काकू म्हणजे त्यांची बायको, आमची घरमालकीण. त्यांचा देव बाळकृष्ण, आणि काकूंच्या देवाला साधं फूल चालत नसे. गळून पडलेलं नको, अपवाद पारिजातकाचा. किडकं नको, वास घेतलेलं नको, बिनवासाचं शक्यतो नको. रुई, धोतरा तर बाळकृष्णापुढे नावसुद्धा काढायचं नाही. काकू अंधारात उठून तगर, जाई, पारिजातक वेचून घेत. त्यांचं झालं की पेशकार निघत. "देवाचं आधी होऊ द्या," ते म्हणत. "तिथं जे खारीज होतात त्यांचं अपील माझ्याकडं."

एकदा मास्तर हसून म्हणाले, "साहेब, अपील वरच्या कोर्टात जातं. खालच्या नव्हे."

"म्हणूनच न्याय मिळत न्हाई, मास्तर."

काकूंना हे अजिबात पसंत नव्हतं. "मसणवट्याच्या कडेचं घरात आणता! भेव न्हाई का मनाला?" त्या आतून ओरडत. "देवानं टाकलेलं माणसानं उचलू न्हाई."

"अवो, देवानं टाकलं न्हाई. तुमी टाकलं. देवाला कुणी विचारलं?"

"मला विचारतात ना! मी देवाची पेशकार हाय म्हना."

यावर ते खांबाला म्हणाले, "खांबा, ह्या बाईची बदली करून दे." आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. मला त्या भांडणांची भीती वाटायची नाही. माझ्या माहेरी भांडण म्हणजे भांडी वाजायची. इथं फक्त उर्दू शब्द वाढायचे.

असं का, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मला नाही. दुपारची वेळ, मी दाराआड तांदूळ निवडत होते. ते दौतीतलं पाणी बदलत होते आणि बोलत होते. "खांबा, तीस वर्षं पडवीत उभं राहून वाचलं. फलाण्याची दरखास्त, खारीज. फलाण्याची दरखास्त, खारीज. लोक पाया पडायचे. मला वाटायचं, अरे, माझ्या हातात काय हाय? मंजूर वाचायची पाळी आली की माझीच जीभ अडखळायची, सवय न्हवती." मग त्यांनी दौत जागेवर ठेवली. "माणसांचं तर राहिलंच."

आमच्या पाचव्या वर्षी, ज्येष्ठात, त्यांना ताप आला. तो उतरेना. बीडचा हकीम येऊन नाडी बघून गेला आणि जाताना त्यानं काकूंकडे न बघता मास्तरांकडे बघितलं, त्यावरून सगळ्यांना कळलं. काकूंनी त्याच दिवशी बाळकृष्णापुढे पदर पसरला. चातुर्मासात एक लाख पांढरी फुलं वाहीन, स्वतःच्या हातानं वेचलेली, एक दिवसाचा खंड पडू देणार नाही. यांना राहू दे.

दहाव्या दिवशी ताप उतरला. पेशकार भिंतीला टेकून बसले, पेज प्यायले, आणि खांबाला म्हणाले, "मुदतवाढ मिळाली. लाखाच्या जामिनावर. जरा महागच पडलो."

काकू हसल्या नाहीत. त्या मला कोठीत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यांना थट्टा करूं दे. पण पोरी, मी शब्द दिलाय. लाखोली पुरी झाली न्हाई तर देव आपला शब्द परत घेईल. कार्तिकी पुनवेच्या आत." पाच वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं.

आषाढापासून त्यांनी जो सपाटा लावला, तो बघण्यासारखा होता. रोज आठ-नऊशे फुलं. शेजारणींच्या परसात जाऊन, ओंजळी पसरून, पारिजातकाच्या झाडाखाली धोतर अंथरून. आणि रोजचा आकडा देवघराच्या भिंतीवर गेरूच्या रेघांनी. पेशकार यात पडले नाहीत. एकदाच त्यांनी तोडगा सुचवला. "कुरडूच्या एका तुऱ्यात शेकडो बारकी फुलं असतात. भिंगातून बघा. दोन टोपल्यांत लाखोली होते. कायद्यात बसतं."

"तुमच्या कायद्यात," काकू म्हणाल्या.

त्या वर्षी पावसानं भाद्रपदातच पाठ फिरवली. आश्विनात विहिरींचं पाणी खाली गेलं, जाई सुकली, पारिजातक विरळ झाला. नवरात्र संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू विहिरीच्या कडेच्या पांढऱ्या कण्हेरीला हात घालायला गेल्या आणि पाय घसरून पडल्या. नडगीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना खाटेवरून उतरायचं नाही म्हणून सांगितलं. भिंतीवर अजून बारा हजारांच्या रेघा बाकी होत्या.

काकूंची खाट माजघरात. तिथून देवघर दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्यांनी मला बोलावलं. "माझा हात म्हणून तू वाहा. देव समजून घेईल. सवाष्ण हायस, शिकलेली हायस, आकडा चुकणार न्हाईस. रोज चारशे. मोठ्यानं मोज, मला ऐकू आलं पायजे." मग माझा हात घट्ट धरून, "आणि खंड पाडू नको, बाई."

मी हो म्हटलं नाही. मी कधीच काही म्हणत नसे. नाही म्हणायचीही सवय नव्हती, म्हणून ते काम माझं झालं.

पहिले तीन-चार दिवस निभावलं. परसातली तगर, राहिलेला पारिजातक, शेजारच्या परसातली कण्हेर. देवापुढे बसून मी मोजायला लागले, तर माजघरातून हाक, "ऐकू येईना!" मी थोडा आवाज चढवला. "अजून!" शेवटी मी शाळेतल्यासारखं ओरडून एक ते चारशे मोजलं. मास्तर शाळेतून आले तर दारातच थांबले. त्यांना वाटलं, घरी दुसरा वर्ग भरला.

पाचव्या दिवशी फुलं अडीचशेच भरली. काकू म्हणाल्या, "पाटलाच्या मळ्यात माळणीला माग. ती देईल, माझं नाव सांग." मी टोपली घेऊन गेले. माळीण माहेरी गेली होती. मोटेवर चार गडी होते. एक जण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. मला वाटलं, मला हसले. आता कळतं, त्यांनी मला बघितलंसुद्धा नव्हतं. मी बाभळीआड उभी होते. तगर समोर दिसत होती, पांढरी, भरलेली. "जरा तगर तोडू का?" एवढे तीन-चार शब्द. मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हटले. मग टोपली तशीच घेऊन परत फिरले.

घरी आले तेव्हा पेशकार न्हाणीत होते. बैठक रिकामी. पिकदाणीत कुरडू, गुडगुडीच्या बुडख्यात कुरडू, दौतीत रुई. सगळं पांढरं. आतून काकूंचा आवाज आला, "आलीस का गं? मिळाली का?"

"मिळाली," मी म्हटलं.

ते पहिलं खोटं. मग मी भांडी रिकामी केली. कुरडूचा एक तुरा तो एकच धरला. त्यांच्या भिंगाचा कायदा लावला नाही. रुईची फुलं देठावरून एकेक खुडली. वास घेतलेली, मांडून ठेवलेली, करपलेल्या देठांची, देवाला चालत नाहीत अशी दीडशे फुलं मी बाळकृष्णाच्या पायांवर वाहिली आणि प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं म्हटला. फुलांत फसवलं, आकड्यात नाही. हात धुतले तरी बोटांचा चिकट कडवट वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. पूजा झाल्यावर मी काकूंना तीर्थ दिलं. त्यांनी ओंजळ पुढे केली, तीर्थ घेतलं आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळानं ओसरीवर हाजिरी सुरू झाली आणि थांबली.

"खांबा," पेशकार सावकाश म्हणाले, "आज निम्मी कचेरी गैरहाजिर दिसती. पिकदाणी खाली, दौत खाली. मास्तरीणबाईंना काय ठावं हाय का?"

मी दाराआड. पाच वर्षांत मी खांबाला एक शब्दही उलट बोलले नव्हते. पण सकाळी चारशेपर्यंत ओरडल्यामुळे असेल, गळा मोकळा होता. मी म्हटलं, "खांबा, सांगा, त्यांचं अपील वरच्या कोर्टात गेलं."

बाहेर पिकदाणी खाली ठेवल्याचा आवाज. मग खोकल्यासारखं काहीतरी. मला वाटलं ताप उलटला. ते हसत होते, तोंडावर उपरणं धरून, माजघरात ऐकू जाऊ नये म्हणून.

"खांबा," ते दम घेत म्हणाले, "इतक्या वर्षांत आतून पहिली दरखास्त आली. मंजूर."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं गाठोडं दुप्पट झालं. तरवड बंद, पिवळं सगळं बंद. फक्त पांढरं. ओल्या फडक्याखाली झाकलेली टोपली खांबाच्या बुडाशी येई. "खांबा, ही बदलीवर जाणारी मंडळी. ह्यांची हाजिरी इथं न्हाई." हाजिरी नाही म्हणजे वास घेणं नाही, मांडणं नाही. आणि जो माणूस दुपारपर्यंत अंघोळ टाळत असे, तो आता ओढ्याला जायच्या आधी थंड पाणी अंगावर ओतून घेऊ लागला. माजघरातून काकू विचारत, "आज हे सकाळीच न्हाले? कावून?"

"उकडतंय," ते म्हणत. कार्तिकातल्या थंडीत.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी भिंतीवरची शेवटची रेघ मी मारली. बारा हजारांतली किती फुलं काकूंच्या नियमात बसणारी होती, हे मी कधी मोजलं नाही. उद्यापनाला पंधरा सवाष्णी जेवल्या. काकूंना दोघींनी धरून बसवलं होतं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "लाखोली पुरी झाली. आणि माझ्या देवाच्या अंगावर एकही खारीज फूल चढलं न्हाई, हे ह्या पोरीला विचारा." पंधराही जणींनी माझ्याकडे बघितलं. मी पुढच्या पानावर वरण वाढायला वाकले. ओसरीवरून पेशकारांचा आवाज आला, "खांबा, गवाहाला त्रास देऊ नको. निकाल लागला हाय."

ते पुढे नऊ वर्षं जगले. काकू सगळ्यांना सांगत, लाखोलीचा प्रताप. ऐकून मी दर वेळी मान खाली घालायची आणि लोक म्हणायचे, काय विनयी बाई आहे.

उद्यापनानंतर दोन वर्षांनी मास्तरांची बदली धर्मापुरीला झाली. निघताना मी खांबाला नमस्कार केला. मास्तर म्हणाले, "माणसांनाही कर." पेशकारांनी खांबापाशी ती दौत ठेवली. रिकामी. "खांबा, म्हणावं, तिकडं बी एखादी काळी देवळी असंलच."

पेशकारांच्या जाण्याची बातमी आम्हाला उशिरा कळली. मी पोचले तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. ओसरीच्या कडेला गावातली पाच-सहा माणसं बसली होती, पाटीलही. काकू बैठकीत, खांबाला टेकून. कपाळ मोकळं. आणि बैठकीतली सगळी भांडी भरलेली. दौतीत रुई, अडशेरीत तरवड, पिकदाणीत कुरडू. जरा दाटीच झाली होती. त्यांना एका भांड्यात किती ठेवायची हे येत नव्हतं.

मी बघते आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "भांडी खाली राहिली की इंचू बसतात. म्हणून घातलीत. दुसरं काय न्हाई."

मी जवळ बसले. नऊ वर्षं जी गोष्ट मी जिभेखाली धरली होती, ती आता तरी सांगावी असं ठरवून आले होते. त्यांच्याकडे बघून सांगता येईना. मी खांबाकडे बघितलं. "खांबा, काकूंना सांगा, त्या लाखोलीतली शेवटची हजारो फुलं..."

"खांबा," काकूंनी मला मध्येच तोडलं, "हिला सांग, माझा पाय मोडला होता, नाक न्हवतं मोडलं. रुईचा वास मला माजघरात येत होता."

मी हळूच म्हटलं, "मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तू मोजत होतीस, हे जिवंत होते." त्यांनी अडशेरीतली एक तरवड काढली, मोकळी करून पुन्हा ठेवली. "आणि उद्यापनाला खोटं बोलले न्हाई मी. वरच्यानं एकदा ठेवून घेतलं, मग ते खारीज कसं राहील?" मग आपल्याच कपाळाकडे बोट करून, "आता मला हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाई. मी बी इथंच आले बग, ह्यांच्या कचेरीत."

ओसरीवरची माणसं इकडे बघू लागली. काकूंनी भांड्यांकडे बघितलं, घसा साफ केला, आणि त्यांच्याच चालीवर, पण जरा चुकत, म्हणाल्या, "तरवड?"

ते जाड आवाजातलं उत्तर द्यायला आता माणूस नव्हता. काकू थांबल्या. खांबाकडे बघत राहिल्या. पाटलांनी खाली बघितलं.

"हाजिर," मी म्हटलं. ओसरीच्या कडेपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.